‘अ लव्ह सुप्रीम’: आराखडा आणि उत्स्फूर्तता

‘अ लव्ह सुप्रीम’ हा अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन (१९२६–१९६७) यांचा सर्वांत प्रसिद्ध अल्बम. त्याचे मुख्य ध्वनिमुद्रण ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील एंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत झाले. पियानोवर मकॉय टायनर, डबल बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रमवर एल्विन जोन्स होते. निर्माते बॉब थील यांनी तो ‘इम्पल्स’ कंपनीतर्फे १९६५च्या आरंभी प्रकाशित केला. जॅझचा प्राण उत्स्फूर्त वादनात असतो, तर तबकडी तेच वादन कायमचे गोठवते. या दोहोंचा मेळ कसा बसतो, हे या अल्बमवरून चांगले कळते.

अल्बममागे कोल्ट्रेन यांचा आयुष्यक्रम आहे. त्यांचे दोन्ही आजोबा धर्मोपदेशक होते. हेरॉइनच्या व्यसनामुळे १९५७ साली त्यांना ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या चमूतून बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी ते व्यसनातून सुटले आणि या सुटकेला त्यांनी ईश्वरी कृपा मानले. अल्बमच्या वेष्टनावर छापलेल्या पत्रात १९५७ साली ईश्वरकृपेने आध्यात्मिक जागृती झाल्याचे त्यांनी स्वतः लिहिले असून ही रचना ईश्वराला अर्पण केली आहे.

रचनेचे चार भाग आहेत: स्वीकार, निश्चय, शोध आणि स्तोत्र. जोन्स यांच्या गाँगच्या आघाताने सुरुवात होते. सॅक्सोफोनची छोटी प्रस्तावना संपली की गॅरिसन बासवर चार स्वरांची एक ओळ धरतात. पहिल्या भागाचा सारा विस्तार तिच्यावर उभा आहे. शेवटाकडे कोल्ट्रेन हीच ओळ बाराही स्वरांवरून फिरवतात, म्हणजे ती कुठूनही सुरू झाली तरी ओळखू येते. मग ती मानवी आवाजात, अल्बमच्या नावाच्याच शब्दांनी, पुन्हापुन्हा गायली जाते. बंदिशीच्या दोन ओळींनी गायकाला वाट आखून द्यावी आणि चालणे त्याच्यावर सोडावे, तसे काम ही ओळ करते.

दुसऱ्या भागात ठाशीव धून आणि तिच्यावर टायनर यांचे दीर्घ पियानोवादन आहे. तिसरा भाग जलद लयीतला ब्लूज असून त्याच्या आधी ड्रमचे आणि शेवटी बासचे एकल वादन आहे. त्याला जोडूनच, खंड न पडता, चौथा भाग येतो. यात ठरीव ताल नाही. कोल्ट्रेन यांनी लिहिलेली एक प्रार्थना वेष्टनावर छापली आहे आणि सॅक्सोफोन तिचे शब्द जवळजवळ अक्षरागणिक स्वरांत उच्चारतो. हे बोलणे अभ्यासकांनी वादन आणि छापील मजकूर ताडून पाहून दाखवून दिले. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील प्रवचनाची चढती-उतरती लय या भागात ऐकू येते.

इतक्या बांधीव रचनेत मोकळीक उरते, कारण लिहिलेले फार थोडे आहे. कोल्ट्रेन यांचे हस्तलिखित वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. त्यात तपशीलवार स्वरलिपीपेक्षा आराखडा आणि सूचना अधिक आहेत. बाकीचा भार या चौघांच्या सहवादनावर होता. १९६२पासून ते एकत्र वाजवत असल्याने एकाने दिशा बदलली की इतर लगेच सावरून घेत.

स्टुडिओतील रूप सुमारे ३३ मिनिटांचे असून तबकडीच्या दोन बाजूंत बसते. मात्र हेच एकमेव रूप नव्हे. दुसऱ्याच दिवशी आर्ची शेप यांचा सॅक्सोफोन आणि आर्ट डेव्हिस यांचा बास वाढवून पहिला भाग पुन्हा वाजवला गेला, पण तो अल्बममध्ये घेतला नाही. जुलै १९६५मध्ये फ्रान्समधील आंतीब येथे आणि ऑक्टोबरमध्ये सिअॅटल येथे संपूर्ण रचना श्रोत्यांसमोर सादर झाली. सिअॅटलचे वादन सव्वा तासाच्या आसपास चालले. त्याचे ध्वनिमुद्रण २०२१ साली प्रकाशित झाले. दोन्ही ठिकाणी क्रम आणि धुना त्याच आहेत, पण विस्तार, लय आणि आवेश वेगळे.

कोल्ट्रेन यांना भारतीय संगीताबद्दल आस्था होती. सतारवादक रविशंकर यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. तरीही या अल्बमचा पाया ब्लूज, चर्च आणि जॅझ यांचाच आहे.

ही वेगवेगळी सादरीकरणे पाहता ‘अ लव्ह सुप्रीम’ची तबकडी रचनेचा अंतिम मजकूर नव्हे, तिचे एका बैठकीतले रूप आहे. आराखडा जितका मोजका आणि स्पष्ट, तितके कलावंताचे स्वातंत्र्य अर्थपूर्ण ठरते, हे तिने सिद्ध केले.