नगराबाहेरचा महिना

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव टिपेला पोचला, रजेवर गावी आलेल्या जवानांना तातडीचे निरोप आले, आणि महाराष्ट्रातल्या वाहिन्यांवर एकच चित्र फिरत राहिलं. अंगाची हळद उतरायच्या आत निघालेला नवरदेव, समोर औक्षणाचं तबक, डोळ्याला पदर लावलेली आई आणि पोचवायला आलेली गावकरी मंडळी. याच दिवसांत केंद्र सरकारनं लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘टीए’, बोलावून घेण्याचे अधिकार दिले. तिच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ तैनातीसाठी काढायचं ठरलं. माणसं निघाली तेव्हा कॅमेरे होते. पुढे जमेल तशी ती घरी परतली, तेव्हा कुणी फिरकलं नाही.

टीएतला माणूस एरवी आपल्यातलाच असतो. १९४८ च्या कायद्यानं ही सेना उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. मूळ कल्पना सरळ आहे. पोटापाण्याचा स्वतःचा उद्योग असलेल्या नागरिकानं वर्षातले काही आठवडे वर्दी घालून सराव करायचा आणि बोलावणं आलं की जायचं. पुण्यात आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन आहेत. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत टीएचे लोक होते. हाच माणूस एरवी गणेश मंडळाचं वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलेला असतो, रविवारी गडावरच्या टाक्यातला गाळ उपसायला गेलेला असतो, रक्तदान शिबिराच्या खुर्च्या त्यानंच मांडलेल्या असतात. एक दिवस तो जातो. काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी येतो. त्याच्या नोकरीची काळजी कायद्यानं घेतली आहे. टीए कायद्याच्या कलम ७-अ प्रमाणे त्याला पुन्हा कामावर घेण्याचं बंधन मालकावर आहे. मंडळातली, घरातली आणि स्वतःच्या मनातली जागा त्याला कुणी परत द्यायची, हे मात्र कुठल्याच कलमात नाही. तो प्रश्न धर्माच्या अंगणातला आहे.

जायच्या बाजूनं आपल्याकडे काहीच कमी नाही. दसऱ्याला शस्त्रं पुजायची, शिवेबाहेर जायचं, आपट्याची पानं सोनं म्हणून घरी आणायची, दारात ओवाळून घ्यायचं. स्वारी, लूट आणि विजयी परतणं, सगळं एका संध्याकाळीत उरकतं! तुकोबांच्या गाथेत पाइकीचे अभंग आहेत. धन्यासाठी जिवावर उदार झालेला पाईक त्यांत भक्ताचा आदर्श होऊन येतो. बोरिवलीजवळ एकसरला किंवा घाटावरच्या एखाद्या जुन्या देवळाबाहेर वीरगळ पाहावा. तळाशी लढाईत पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मेलेल्याचा पुढचा सगळा प्रवास दगडात उतरवला आहे. लढून जिवंत घरी आलेल्यासाठी असा दगड कुणी घडवलेला दिसत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनापुढे दोन आश्वासनं ठेवतो. मारला गेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वीचा उपभोग. वीरगळ ही पहिल्या आश्वासनाची पोचपावती. दुसऱ्याचं काय झालं हे पाहायचं तर महाभारतात पुढे जावं लागतं, आणि तिथे आपण सहसा जात नाही. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत गीता पोचली ती त्या पुस्तकातून. विनोबा तिथे एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडो लोकांना फाशी सुनावलेला हा गृहस्थ स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर उभा राहिल्यावर फाशीची शिक्षाच कशी अमानुष आहे, यावर बोलू लागतो. अर्जुनाचा विषाद विनोबांना या जातीचा वाटतो: मोहातून आलेला, अहिंसेतून नव्हे. अर्जुनाबद्दल हे पटतं. पण युधिष्ठिराचं काय? त्याचा बांध फुटतो तो सगळं जिंकून झाल्यावर. आता वाचवायला कुणी उरलेलंच नसतं.

शांतिपर्वाची सुरुवात फार कमी लोकांच्या वाचनात असते. मेलेल्यांना तिलांजली देऊन झाली आहे, हस्तिनापूर समोर आहे, आणि पांडव आत शिरत नाहीत. शुद्धीसाठी ते महिनाभर नगराबाहेर, गंगेच्या काठी मुक्काम करतात. तिथे ऋषी भेटायला येतात. नारद युधिष्ठिराला विचारतात, जिंकलास, आता आनंदात आहेस ना? सत्काराच्या मंडपात माइक पुढे करून विचारतात तसाच हा प्रश्न. युधिष्ठिराला तो विजय पराभवासारखा वाटत असतो. आपण मारवला तो कर्ण आपलाच थोरला भाऊ होता, हे त्याला कुंतीकडून नुकतंच कळलेलं असतं. राज्य नको, मी वनात जातो, असं तो म्हणतो आणि घरचे त्याच्याभोवती गोळा होतात. अर्जुन त्याला अर्थशास्त्र सांगतो. भीम टोमणे मारतो. नकुल-सहदेव आपापल्या परीनं समजावतात. द्रौपदीचा तर संयमच सुटतो. तुझे भाऊ शहाणे असते तर त्यांनी तुला नास्तिकांबरोबर बांधून घातलं असतं, इथवर ती जाते. या सगळ्यांचा त्याच्यावर जीव आहे, एकाचंही बोलणं शास्त्राला सोडून नाही, आणि कुणाच्याही बोलण्यानं त्याला काडीचा आराम पडत नाही. ‘झालं ना आता, सोड की’ हे वाक्य इतकं जुनं आहे.

मग व्यास बोलतात, आणि इथे खरा पेच आहे. तू क्षत्रियाचं कर्तव्य केलंस, यात तुझा दोष नाही, असं ते बजावतात. आणि तरीही मन ठिकाणावर येत नसेल तर प्रायश्चित्त घे, अश्वमेध कर, असंही सांगतात. तर्काच्या माणसाला हे खटकेल. कर्तव्य केलं तर पाप नाही. पाप नाही तर प्रायश्चित्त कशाचं? व्यास हा हिशेब जुळवायच्या भानगडीत पडत नाहीत. माणूस निर्दोष असू शकतो आणि तरी त्याला धुऊन निघावंसं वाटू शकतं, दोन्ही एकाच वेळी, हे त्यांनी मान्य केलेलं दिसतं.

पुढे भीष्माचा उपदेश चालतो. शांतिपर्व हे अठरांतलं सर्वांत मोठं पर्व, त्याच्या पाठोपाठ अनुशासनपर्व. राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म, दानधर्म, काही म्हणून शिल्लक राहत नाही. भीष्म देह ठेवतात, त्यांना पाणी दिलं जातं, आणि गंगेच्या काठावर युधिष्ठिर पुन्हा कोसळतो. हजारो श्लोक ऐकून झाल्यावर! आश्वमेधिकपर्व इथून सुरू होतं. अश्वमेध होतो, आणि तो संपता संपता अर्धं अंग सोन्याचं झालेलं एक मुंगूस येऊन सांगतं की, या सगळ्या यज्ञाला एका गरीब ब्राह्मणाच्या मूठभर सातूची सर नाही. महाभारतकारानं परतलेल्या माणसाला सोपं औषध कुठेच दिलेलं नाही. दिला तो वेळ, आणि सोबतीला माणसं.

हा पेच एकट्या आपल्या परंपरेला पडला असंही नाही. बायबलच्या जुन्या करारात, गणनेच्या पुस्तकात, लढून आलेल्यांना सात दिवस छावणीबाहेर राहायला सांगितलं आहे. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शुद्धी, आणि लुटीतलं सोनं-चांदी, तांबं-लोखंडसुद्धा आगीतून काढायचं. चौथ्या शतकातले कैसरियाचे बिशप बेसिल लिहितात की, युद्धातली हत्या आपले पूर्वज खून धरत नाहीत, पण हात स्वच्छ नाहीत म्हणून अशांनी तीन वर्षं प्रभुभोजनापासून दूर राहिलेलं बरं. म्हणजे व्यासांचंच दुहेरी उत्तर. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई विल्यमनं जिंकली, आणि काही वर्षांतच नॉर्मंडीच्या बिशपांनी स्वतःच्याच विजयी सैनिकांना प्रायश्चित्तं लावून दिली: मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. किती मारले ते ठाऊक नसेल तर जन्मभर आठवड्यातला एक दिवस, नाहीतर एखादं चर्च बांधून द्यावं. हरलेल्यांना नव्हे, जिंकलेल्यांना हे सांगितलं जात होतं, याला महत्त्व आहे.

बुद्धाची भूमिका याहून कडक. योधाजीव सुत्तात एक सैनिक-प्रमुख त्यांना विचारतो की, रणात मरणारा देवलोकात जातो, हे खरं का? बुद्ध दोनदा उत्तर टाळतात, आग्रह झाल्यावर सांगतात की, दुसऱ्याला मारण्याच्या इच्छेनं लढणाऱ्याची गती वाईट होते. तो माणूस रडू लागतो. आजवर आपल्याला फसवलं गेलं म्हणून. महाराष्ट्रात हा संवाद केवळ ग्रंथातला नाही. महार रेजिमेंटची परंपरा सांगणाऱ्या आणि १९५६ नंतर बौद्ध झालेल्या घरांत वर्दीचा अभिमान आणि पंचशील एकाच भिंतीवर टांगलेले असतात. वीरगळाचं आश्वासन तिथे चालत नाही, आणि मुलगा सरहद्दीवरून येतो तेव्हा त्याचं काय करायचं, हा प्रश्न तर तिथेही आहेच.

साध्या घरांनी याचं उत्तर ग्रंथांची वाट न पाहता काढलेलं आहे. लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवतात. आई नाहीतर घरातली थोरली बाई भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन येते. तुकडा त्याच्यावरून उतरवून बाजूला भिरकावते, पायांवर पाणी घालते, स्वतःच्या बोटानं त्याच्या डोळ्यांना पाणी लावते, आणि मगच ‘ये आत’ म्हणते. बाळंतीण असो, नवी नवरी असो, की रजेवर आलेला जवान, विधी तोच. वाटेवर काही अंगाला चिकटलं असेल तर ते बाहेरच राहू दे, इतकाच त्याचा अर्थ. दोष कुणाचाच काढलेला नाही. पांडवांचा महिना इथे मिनिटावर आला आहे खरा, पण थांबवण्याची जागा शाबूत आहे.

वेळ मात्र दुसऱ्याच कारणानं आटला. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस सैनिकांच्या कितीतरी पिढ्यांनी वापरली. परतीच्या दोन रात्री डब्यात पत्ते, शिव्या, झोप आणि ज्यांना सांगावं लागत नाही अशा लोकांची सोबत. तो प्रवास कंटाळवाणा होता आणि त्या कंटाळ्याचा उपयोग होता. आता विमानानं माणूस सकाळी सरहद्दीकडून निघून रात्री पोरांच्या शाळेच्या फीबद्दल बोलत बसलेला असतो. अमेरिका हा धडा मोठी किंमत देऊन शिकली. दुसऱ्या महायुद्धातले त्यांचे सैनिक तुकडीबरोबर जहाजातून, दिवसचे दिवस समुद्रावर काढून परतले. व्हिएतनामला माणसं एकेकटी पाठवली गेली, साधारण वर्षभराची मुदत संपली की एकेकटी विमानानं परत. बोस्टनमध्ये या माणसांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ आणि २००२ मध्ये दोन पुस्तकं लिहिली, एक अकिलीजला धरून, दुसरं ओडिसिअसला. भीतीपेक्षा वेगळी, बरं-वाईट याची समजच दुखावणारी एक जखम असते, हे त्यांनी रुग्णांच्या तोंडून ऐकून मांडलं. होमरनं ओडिसिअसला घरी पोचायला दहा वर्षं लावली, ती त्यांना उगाच वाटली नाहीत.

यावर फौजेतला माणूस फटकन म्हणेल, आम्ही काय कुणी पापी आहोत? टीएच्या जवानानं पूल राखला, पहारा दिला, एक गोळी झाडली नाही. त्याला कसलं प्रायश्चित्त? आक्षेप रास्त आहे. त्याला ‘बिचारा’ ठरवणं हे ‘हीरो’ ठरवण्याइतकंच वाईट. पण आपण दहा दिवस सुतक पाळतो ते घरच्यांनी माणूस मारला म्हणून नव्हे. मरणाच्या जवळ जाऊन आलेल्यांना लगेच रोजच्या रगाड्यात ओढू नये, याची ती सोय आहे. ज्यानं सहकाऱ्याची पेटी विमानात चढवली असेल, त्याला ती सोय नाकारायचं कारण नाही.

वारीचं उदाहरण इथे लागू पडतं. आषाढीला पंढरपुरात लाखो लोक पोचतात. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पालख्या परत फिरतात, आणि तेव्हा बरोबर मोजकेच वारकरी उरतात. बाकीचे एसटीनं केव्हाच गावी गेलेले असतात. माउलींना आळंदीला परत आणणं हेही वारीचंच अंग आहे, हे त्या मोजक्यांना ठाऊक असतं.

साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी, शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी, अशा गावांना हे शिकवायची गरज नसावी. तिथे घरटी कुणीतरी फौजेत जाऊन आलेलं असतं आणि पारावर दोन म्हातारे निवृत्त सुभेदार असतात, ज्यांच्याजवळ जाऊन नुसतं बसता येतं. अडचण शहरातल्या मंडळांची आहे. तिथे परतलेला कार्यकर्ता एकटाच फौजी असतो, आणि तो आल्याच्या पहिल्या रविवारी सत्काराचा फ्लेक्स लागतो. असा फ्लेक्स छापायला टाकण्याआधी मंडळींनी महिनाभर थांबावं. त्या महिन्यात त्याला जुनंच काम द्यावं, गाळ उपसायचं किंवा खुर्च्या मांडायचं. ‘किती मारले?’ हे मंडळातल्या पोरांपैकी कुणी विचारणार नाही, एवढं आधी बजावून ठेवावं. महिन्यानंतर त्यालाच विचारावं सत्कार हवा का, आणि तो नको म्हणाला तर विषय तिथेच सोडावा.