स्वरलिपी : मालकी आणि साक्ष

कानाने मिळालेली चीज कागदावर उतरवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा मालकीच्या भाषेत मांडला जातो. विद्या घराण्याची मानली तर ती छापणे हा विश्वासघात ठरतो. समाजाची मानली तर ती दडवणे हा अपराध ठरतो. दोन्ही पक्ष चिजेला मिळकतच समजतात. वाद उरतो तो सातबारा कोणाच्या नावे, एवढाच. या मांडणीत मूळ नैतिक प्रश्न निसटतो. लिहिणारा नेमका कशाचा दावा करतो आणि वाचणारा कशाची जबाबदारी पत्करतो?

रामकृष्णबुवा वझे (मृत्यू १९४३) सावंतवाडी संस्थानातले. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात आला आणि १९८१ पासून तो सिंधुदुर्गात मोडतो. हालअपेष्टा सोसत बुवांनी उत्तर हिंदुस्थान गाठला, ग्वाल्हेरच्या निसार हुसेन खाँची तालीम मिळवली आणि उत्तरायुष्यात ‘संगीत कला प्रकाश’च्या दोन भागांत चिजा स्वरलिपीसह छापल्या. जे मिळवण्यात उमेदीची वर्षे खर्ची पडली, ते कोणाही ग्राहकाच्या हाती पडू लागले. हे औदार्य निर्विवाद आहे. पण ग्राहकाच्या हाती जे पडले, ते बुवांना मिळालेलेच होते काय?

हाच प्रश्न पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’ला अधिक व्यापक प्रमाणावर लागू होतो. सहा भागांतल्या सुमारे १८०० चिजा त्यांनी जमवल्या नसत्या, तर त्यांतल्या कित्येक उस्तादांबरोबरच गेल्या असत्या. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी बिंदू, मींडेसाठी कमान आणि तालाच्या खुणा असतात. प्रत्येक मात्रेचे घर भरलेले दिसते. तरीही दरबारी कानड्याचा आंदोलित, अतिकोमल गंधार आणि भीमपलासीचा गंधार या लिपीत एकाच रेघेवर उभे राहतात. रागवर्णनात हा भेद सांगता येतो, चिन्हात तो उतरत नाही. लिपी येथे गप्प आहे, परंतु तिचे मौन दिसत नाही. गुरूपासून दूर असलेल्या विद्यार्थ्याला भरलेली घरे पाहून चीज पुरी हाती आल्यासारखी वाटते.

ज्या लिपीचे मौन उघड दिसते अशी एक परंपरा चीनमध्ये आहे. छिन या सात तारांच्या वाद्याची जुनी लिपी स्वरांची नावे देत नाही. कोणत्या हाताचे कोणते बोट, कोणती तार, पटावरच्या तेरा खुणांपैकी कोणत्या खुणेशी आणि आघात कोणत्या दिशेने, एवढेच तिची संक्षिप्त जोडाक्षरे सांगतात. कालमान ती जवळजवळ सांगतच नाही. मिंग राजपुत्र चू छ्वान याने १४२५ मध्ये ‘शन-छी मी-फू’ हा संग्रह सिद्ध केला. नावाचा अर्थ ‘अलौकिक व गुप्त लिपी’. गुप्त म्हणून जपलेले त्याने प्रकट केले, पण एक पथ्य पाळून. पहिल्या खंडातल्या, त्या काळी वादनातून लोपलेल्या रचनांना त्याने विरामचिन्हे लावली नाहीत. पुढच्या दोन खंडांना लावली. जे परंपरेने आले नव्हते, ते आल्याचा आव त्याने आणला नाही.

त्याच पहिल्या खंडात ‘क्वांग-लिंग सान’ ही रचना आहे. तिसऱ्या शतकातल्या शी खांगने ती कोणाला शिकवली नाही आणि वधस्तंभाकडे जाताना ती आपल्याबरोबर संपल्याची खंत व्यक्त केली, अशी आख्यायिका आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास क्वान फिंग-हू यांनी या संग्रहावरून ती पुन्हा वाजती केली. अशा उद्धाराला तेथे ‘दा-फू’ म्हणतात, आणि तो कोणी केला हे रचनेबरोबर सांगितले जाते.

रोमान इन्गार्डन यांनी साहित्यकृतीतल्या अनिर्धारित जागांचा विचार मांडला, तो येथे सहज आठवतो. मात्र एक भेद नजरेआड करता येत नाही. कादंबरीचा वाचक रिकाम्या जागा स्वतःपुरत्या भरतो. गायक-वादक त्या चारचौघांत भरतो, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर. म्हणून त्याच्या वाचनाला हिशेब लागतो.

यावर आक्षेप येईल, की पूर्ण लिपीची वाट पाहिली असती तर काहीच उरले नसते. भातखंड्यांनी घाई केली म्हणूनच आज वाद घालायला चिजा आहेत. आक्षेप रास्त आहे आणि तो लिहिणाऱ्याला दोषमुक्तही करतो. स्वतः उस्तादांपुढे बसून चिजा घेणाऱ्या भातखंड्यांनी पुस्तक म्हणजे तालीम असे कधी मानले नाही. हा आक्षेप वाचणाऱ्याला मात्र सोडवत नाही. स्वरलिपी ही साक्ष आहे. साक्षीदाराने ऐकले तेवढे सांगावे आणि जेथे ऐकले नाही तेथे थांबावे. साक्षीवरून निवाडा देणाऱ्याने तो निवाडा आपला आहे हे मान्य करावे. ‘क्रमिक’मधून बसवलेली चीज बैठकीत ‘पारंपरिक’ म्हणून गाताना अमुक जागा माझी आहे असे म्हणणारा गायक घराण्याशी द्रोह करत नाही की विद्येवर हक्कही सांगत नाही. ज्याच्याकडून चीज आली त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे त्याने फक्त नाकारलेले असते.