तिकडे किती वाजले?

आमच्या घरात दोन घड्याळं आहेत आणि दोन्ही चालू आहेत. हे मुद्दाम सांगायचं कारण, दुसरं घड्याळ घ्यायला मी वजिराबादेत गेलो तेव्हा दुकानदारानं फार सहानुभूतीनं विचारलं होतं, "काहून, पहिलं दुरुस्तच होत नाही का?" मी सांगितलं की पहिलं नांदेडची वेळ दाखवतं, दुसऱ्यानं मॉरिशसची दाखवायची आहे. त्यानं एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग "कंपनी तर हीच आहे साहेब, पुढं तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून साधंच घड्याळ कागदात गुंडाळून दिलं.

मुलगी २००७ साली लग्न होऊन मॉरिशसला गेली. जावईबापू तिथं एका हॉटेलात हिशेबाचं काम पाहतात. देश म्हणजे हिंदी महासागरातलं एक बेट आणि त्याच्या आजूबाजूची चार-दोन पिल्लं. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारानं गेलेल्या कोकणातल्या माणसांची नातवंडं-पतवंडं तिथं अजून स्वतःला मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुटी असते. तेव्हा पोरगी अगदीच परक्यात पडली नाही, एवढं समाधान होतं. प्रश्न फक्त दीड तासाचा होता.

दीड तास. आपल्याहून मागे. एवढंच. पण हा दीड तास मिळवायचा की वजा करायचा, यावरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे मुलीच्या लग्नात मानपानावरूनही झाले नव्हते. बायकोचं म्हणणं, "ती लांब गेलीय, म्हणजे तिकडं जास्त वाजले असणार." हे गणितात बसत नाही, पण आईच्या तोंडून ऐकलं की खोडून काढायला जीभ रेटत नाही.

शेवटी लातूरहून माझे मेहुणे आले. ते निवृत्त भूगोल-शिक्षक. निवृत्त झालेत ते शाळेतून, भूगोलातून नव्हे. त्यांनी ताटातली भाकरी उचलली, कडेला मिठाचा एक खडा ठेवला आणि म्हणाले, "दाजी, ही पृथ्वी. पंधरा अंश फिरायला हिला एक तास लागतो. आपलं घड्याळ लावलंय मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० कला रेखांशावर, मॉरिशसचं लावलंय ६० वर. फरक साडेबावीस अंश, म्हणजे दीड तास. सूर्य आधी आपल्याकडं येतो, म्हणून आपण पुढं." हे बायकोला पटलं. भावानं सांगितलं म्हणून पटलं. मी हेच आठ दिवस सांगत होतो.

बोलण्याच्या भरात मेहुणे असंही बोलून गेले की सूर्याच्या हिशेबानं नांदेडचं खरं घड्याळ भारतीय वेळेच्या सुमारे २१ मिनिटं मागे असायला हवं आणि लातूरचं २४. मी ताबडतोब वजाबाकी केली. "म्हणजे नांदेड लातूरच्या तीन मिनिटं पुढं!" भाकरीचा तुकडा मोडत ते शांतपणे म्हणाले, "सूर्य उगवण्यात तेवढं पुढं. दहावीचा निकाल लागला की मग बोलू."

बायको दीड तास शिकली. पाठ झाला, अंगवळणी पडला. आणि २००८ च्या ऑक्टोबरात मॉरिशसच्या सरकारनं आपली घड्याळं एक तास पुढं सरकवली! उन्हाळ्यात उजेडाचा उपयोग व्हावा, वीज वाचावी, असा त्यांचा विचार. आमचा फरक एका रात्रीत अर्ध्या तासावर आला. मुलीनं फोन करून सांगितलं तेव्हा बायको क्षणभर हरखली. तिला वाटलं, पोरगी जवळ आली. पुढच्या मार्चअखेर ती व्यवस्था संपली आणि पोरगी पुन्हा होती तिथं गेली. तो प्रयोग नंतर त्यांनी पुढं चालवला नाही. मला विचाराल तर ते शहाणपणाचं झालं, कारण आमच्या घरात तिसऱ्या घड्याळाला खिळा मारायला जागा नव्हती.

खरी फजिती झाली ती संकष्टीला. मुलीनं तिकडं गेल्यावरही संकष्टी सोडली नव्हती. आमच्याकडं चंद्र नऊच्या सुमाराला निघाला. बायकोनं गच्चीवरून दर्शन घेतलं, खाली येऊन फोन लावला आणि म्हणाली, "निघाला गं चंद्र. सोड उपास." तिकडं तेव्हा साडेसात वाजले होते आणि आभाळात चंद्राचा पत्ता नव्हता. मुलीनं आईचा शब्द मानला आणि जेवली. मग तासाभरानं तिच्या खिडकीत तिचा चंद्र उगवला आणि तिला रडू कोसळलं. उपास मोडला की सुटला? एकाच चंद्राचे दोन उदय असतील, तर भुकेल्या माणसानं कोणता धरायचा?

मी पंचांग जाणणाऱ्या एका गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "जिथं देह, तिथला चंद्र." उत्तर चोख होतं. पण बायको म्हणाली, "आणि जीव जिथं असेल तिथला?" गुरुजींनी पंचांग मिटलं.

मला तेव्हापासून वेगळाच प्रश्न छळतो आहे. वेळेचा हिशेब करता येतो, तो भाकरीवरसुद्धा करता येतो. पण तो करायचा कुणी? दोन माणसांच्या दोन वेळा असल्या तर दोघांपैकी एकालाच बोटं मोजावी लागतात. दुसरा आपला निवांत "आमच्याकडं आठ वाजलेत" म्हणतो.

मुंबईचं उदाहरण घ्या. मुंबई हीसुद्धा मुळात बेटंच, सात. तिची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढं. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, तीही मुंबईच्या अर्धा तास पुढं. मुंबईनं मद्रासच्या वेळेनं वागावं असा हुकूम १८८१ साली निघाला, तो दोन वर्षांत मागं घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी साडेपाच तासांची वेळ ठरली. मुंबईपेक्षा ३९ मिनिटं पुढं. गिरणी कामगारांना याचा अर्थ कळायला भाकरी लागली नाही. भोंगा ३९ मिनिटं आधी, म्हणजे अंधारात उठणं. कामगार बिथरले. लोकांना न विचारता हे केलंच कसं, असं फिरोजशहा मेहता यांनी विचारलं आणि महापालिकेनं आपली घड्याळं जुन्याच वेळेवर ठेवली. हे एक-दोन वर्षं नाही चाललं. स्वातंत्र्य मिळून गेलं तरी मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं १९४२ ते १९४५ देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढं नेलं, तेव्हा तर शहराच्या आणि सरकारच्या वेळेत १ तास ३९ मिनिटांची दरी पडली. एवढ्या दरीत आमचं मॉरिशस मावून वर नऊ मिनिटं उरतात.

मुंबईला हे परवडलं. मोठ्या शहरानं हट्ट धरला की त्याला बाणा म्हणतात. आम्ही मराठवाड्यातली माणसं. आम्हाला वेळ दुसऱ्यानं सांगायची आणि आम्ही ती बदलून घ्यायची, हीच सवय. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार फसली सनानं चाले; आजूर, दै, बहमन असे महिने. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर जन्म फसलीत होता. राज्य गेलं आणि इसवी सन काढायची वेळ आली. फसलीत कधी ५९० मिळवायचे, कधी ५९१, ते महिन्यावर असतं. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं ना! वडिलांच्या बाबतीत ५९१ हवे होते. एका कचेरीतल्या कारकुनानं ५९० मिळवले. परिणाम असा की वडील एक वर्ष आधी जन्मले आणि एक वर्ष आधी निवृत्त झाले. आयुष्यभर म्हणायचे, "सरकारनं माझं एक वर्ष खाल्लं." आम्हाला हसू यायचं. आता तेवढं येत नाही.

कारण गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. नातू तिकडं शाळेत आहे, भूगोलाच्या वहीसाठी त्यानं भूकंप हा विषय घेतला होता. फोनवर म्हणाला, "आजी, तू तारीख चुकीची सांगतेस. लातूरचा भूकंप २९ सप्टेंबर १९९३ ला झाला. रात्री १० वाजून २५ मिनिटांनी."

बायकोचं आजोळ किल्लारीचं. मामा आणि मामी दोघं त्यात गेले. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं: ही वेळ आमच्या घरात घड्याळाकडं न बघता माहीत असते.

मी कागद घेतला. जगभरच्या यंत्रांच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघायच्या तर सगळ्यांचं घड्याळ एक हवं, म्हणून शास्त्रज्ञ भूकंपाची वेळ ग्रीनिचच्या हिशेबानं लिहितात. १० वाजून २५ मिनिटं आणि वर काही सेकंद, त्यात साडेपाच तास मिळवले की पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं होतात, आणि वाटेत मध्यरात्र ओलांडल्यामुळं तारीख बदलते. नातू बरोबर होता, आजीही बरोबर होती. मी कागद फोनसमोर धरला, दोघांनाही दाखवला. मला वाटलं, मिटलं.

बायको बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "२९ तारखेला रात्री साडेदहाला मामा गणपती बोळवून घरी येत असेल. मामीनं पाणी तापवलं असेल. बावन्न गावं जागी होती रे बाळा, तेव्हा कुणी मेलं नव्हतं."

तिकडून नुसता श्वास ऐकू आला. पोरगं चौदा वर्षांचं. त्याला बिचाऱ्याला एक आकडा हवा होता. हळूच म्हणाला, "मग वहीत काय लिहू?"

"दोन्ही लिही," बायको म्हणाली. "पण आधी किल्लारीची लिही. मग त्यांची."

त्यानं तसं लिहिलं. बाईंनी एक वेळ खोडायला सांगितली का, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगतो. इतक्या वर्षांत मॉरिशसहून आमच्याकडं अवेळी फोन म्हणून आलेला नाही. आमचा मात्र सकाळी आठला जायचा, म्हणजे त्यांच्या साडेसहाला, आणि जावईबापू झोपेतल्या आवाजात "नमस्कार, बाबा" म्हणायचे. मुलीनं घरात दुसरं घड्याळ लावलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "कशाला? नांदेडला किती वाजले ते माहीतच असतं की."

परवा पुन्हा संकष्टी होती. नऊ वाजता चंद्र निघाला. बायको गच्चीवर जाऊन आली, नैवेद्य दाखवला, ताट वाढलं आणि फोन लावला. "तुमचा निघाला का गं?"

"नाही अजून. तू जेव आई."

"जेवते," असं म्हणून तिनं ताटावर ताट झाकलं आणि दुसऱ्या घड्याळाखाली जाऊन बसली. मी उपास करत नाही. पण ती जेवल्याशिवाय आमच्याकडं पान वाढलं जात नाही, आणि मोदक तर डोळ्यांसमोर होते. सव्वादहाला फोन वाजला.