आजचे चिंतन : सापाचे बीळ आणि माझी पिशवी



सध्या आपलं वाचन भागवताच्या एकादश स्कंधात चाललं आहे. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यातला आजचा गुरू साप. साप स्वतःसाठी घर बांधत नाही. दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो, आणि त्याचं काही अडत नाही. नाथमहाराजांनी याच स्कंधावरची टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली.

हे वाचताना मला गेल्या जूनमधली एक रात्र आठवली. इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूर नावाचं मोठं माळरान आहे. तिथल्या सामाईक कुरणांची मालकी खाजगी, पण ठरावीक भागांत मालकाची परवानगी न घेता मुक्काम करता येतो. १९८५ च्या कायद्याने मिळालेल्या या हक्काला जमीनमालकांनी कोर्टात आव्हान दिलं होतं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो लोकांच्या बाजूने कायम केला. पाठीवर मावेल तेवढंच सामान, शेकोटी नाही, एका जागी दोन रात्रींहून जास्त राहायचं नाही.

मी तंबूसुद्धा नेला नाही. बिव्ही बॅग नेली. म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची पाणी न शिरणारी खोळ. वजन जेमतेम अर्धा किलो. तोंड बाहेर ठेवायचं, नाहीतर आपल्याच श्वासाच्या वाफेने आतून सगळं ओलं होतं. निघण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू मोजली होती. टूथब्रशचा दांडाही कापला. रात्री खडकाच्या आडोशाला पडलो, वरून बुरबुर पाऊस, जवळच एक घोडं गवत खात होतं. मनात आलं, आता आपण अवधूतच!

परतल्यावर मोठ्या कौतुकाने आण्णांना फोन केला. बॅगेची किंमत ऐकून ते म्हणाले, "एवढे पैसे मोजून उघड्यावर झोपलास?" मग हसून म्हणाले, "आम्ही चाळीच्या गॅलरीत झोपायचो ते काय वैराग्य होतं होय रे? जागाच नव्हती."

आण्णा गिरणीत होते. एका खोलीत बारा-चौदा गाववाले, पाळीपाळीने झोपायचे. गावाहून नवा पोरगा आला की प्रत्येकाची वळकटी थोडी सरकायची. तो पोरगा मावायचा.

फोन ठेवला आणि मला एकदम आमच्या गावचा मुलगा आठवला. नुकताच शिकायला इकडे आलेला. खोली मिळेपर्यंत पंधरा दिवस राहू का, असं त्याने एप्रिलमध्ये विचारलं होतं. घरात एक खोली रिकामी. मी म्हणालो, "अरे, आमच्याकडे जरा अडचण आहे." त्या रिकाम्या खोलीत माझं कॅम्पिंगचं सामान पसरलेलं होतं.

मग कमी सामान म्हणजे अपरिग्रह का? मला वाटतं, नाही. वस्तू कमी केल्या, पण 'माझ्याकडे किती कमी आहे' हा अभिमान मी काट्यावर ठेवलाच नाही. माझ्या पिशवीत माझ्याशिवाय दुसरं कोणी मावतच नाही. आण्णांनी त्याग म्हणून काही सोडलं नव्हतं, तरी त्यांच्या त्या वितभर जागेत दुसऱ्याला जागा होती. आपण कमी केलं, त्यातून कोणाला जागा झाली, एवढंच विचारावं. माळावर झोपणं वाईट नाही. किती थोड्यात भागतं हे तिथे अंगाला कळतं. पण कळलेलं घरी येऊन वापरायचं असतं.

त्या मुलाला फोन केला. त्याला खोली मिळाली होती, तीन आठवडे कोणाच्या तरी सोफ्यावर काढून. मी माफी मागितली. "असू दे काका," म्हणाला. रविवारी जेवायला येतोय. सामान आवरून ती खोली मोकळी केली आहे.

आज एवढंच करू या : घरात कोणती जागा आपण उगाच अडवून ठेवली आहे, ते बघू.

राम कृष्ण हरी.