ऐकू न येणारा फरक

फोनमध्ये तानपुऱ्याचं अ‍ॅप आहे. फुकट आहे, कधी उतरत नाही, पट्टी बदलायला एक बोट पुरतं. तरी गेल्या हिवाळ्यात मी साताऱ्याहून रेल्वेनं मिरजेला गेलो, खरा तानपुरा घ्यायला. गाणं शिकायला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. डबल बेस वाजवणारा ऑफिसातला मित्र म्हणाला, "म्हणजे आपण दोघंही मागे उभे राहणारे." मी म्हटलं, तुला निदान सूर तरी बदलता येतात. इथे चार तारा. एक पंचम, दोन जोडीच्या, शेवटी खर्ज. तेवढंच, तासभर.

मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. पंढरपूरकडचे भोपळे येतात, इथे त्यांचे तानपुरे होतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर याच गावात आहे. अशा गावात कान कच्चा असल्याची जरा लाजच वाटते.

कारागिरांनी दोन तानपुरे समोर ठेवले. ब्रिजवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली. दोन्ही छेडले. एक दुसऱ्याच्या जवळपास दीडपट किमतीचा.

"कुठला बरा वाटतो?"

मला दोन्ही सारखेच वाटले. तसं सांगितलं.

"मग हा स्वस्तातला घ्या. सुरात दोन्ही आहेत, फरक आसेचा आहे. कान तयार झाला की या परत."

ते मला महागातला सहज विकू शकले असते आणि मला ते आयुष्यात कळलं नसतं. मी लिहितो त्या कोडमध्येही अशा जागा असतात, जिथे केलेली कुचराई कुणाला दिसणार नसते. तिथे मी काय करतो, हे मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

पण गाडीत बसल्यावर दुसरंच डोक्यात घोळू लागलं. कान तयार होणार कशानं? चांगल्या आसेसोबत रोज बसल्यानंच ना? मग आज फरक कळत नाही म्हणून हलकं वाद्य दिलं, तर उद्याही तो न कळण्याची सोयच नाही का झाली? त्यांनी माझे पैसे वाचवले की माझी पायरी ठरवून टाकली? प्रामाणिक माणूसही समोरच्याच्या वतीनं निर्णय घेतो, आणि तो प्रामाणिक असतो म्हणूनच आपण वाद घालत नाही. उलट बाजूही आहे: महागातला घेतला असता, तर तो कदाचित कोपऱ्यात गवसणीत पडून राहिला असता आणि एखाद्या खऱ्या गवयाला मिळाला नसता. मला दोन्ही बाजू पटतात, हीच अडचण.

समोरच्या आजोबांनी गवसणीकडे बोट दाखवलं. "वीणा का रे, बाळा?"

"तानपुरा."

"गातोस?"

"शिकतोय," म्हटलं, आणि वळण आलं तसा भोपळा दोन्ही हातांनी धरला.