निकाहची व्याख्या कोण बदलतो?



उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. तेव्हापासून जुमाच्या नमाजनंतर मला वारंवार विचारले जाते, "मौलाना, हा कायदा उद्या आपल्याकडे आला तर आमच्या निकाहचे काय?" भीती अनाठायी नाही. पत्नी कोण, वारस कोण, पोटगी कोणाला, हे सारे विवाहाच्या व्याख्येवर अवलंबून असते. त्या संहितेने चुलत, आते, मामे व मावस भावंडे निषिद्ध नात्यांत घातली. सूरह निसामधील निषिद्ध नात्यांत ती नाहीत. रूढी असल्यास सूट आहे, हे खरे. परंतु अल्लाहने दिलेली मुभा आता रूढी म्हणून सिद्ध करावी लागणार. ती सिद्ध झाली नाही, तर हलाल निकाहातील पत्नी कायद्याच्या दृष्टीने पत्नीच उरणार नाही. याविरुद्ध सनदशीर मार्गाने बोलणे आपले कर्तव्य आहे.

मात्र एक बदल आपण स्वतःच केला आहे.

१८८६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी मुस्लिम विवाह हा नागरी करार असल्याचे म्हटले. काहींना हा शब्द बाजारी वाटतो. मला वाटत नाही. करार म्हटले की स्त्रीची संमती आली, तिचा महर आला, तिने घातलेल्या वैध अटी आल्या. आणि आपण? निकाहनामा भरताना मी महर विचारतो, तेव्हा वडीलधारे हसून म्हणतात, "लिहा काहीही, देतंय कोण!" अटींच्या रकान्यावर तर सरळ रेघ ओढली जाते.

गेल्या वर्षी एक विधवा भगिनी माझ्याकडे आली. निकाहनाम्याची प्रत नाही, सरकारी नोंदणी नाही. न दिलेला महर हे मयतावरील कर्ज असते, ते वाटणीपूर्वी फेडायचे असते. त्यानंतर, मुले असल्यास, विधवेचा आठवा हिस्सा. तिच्या दिरांना हे ठाऊक होते. तरी ते एवढेच म्हणाले, "कागद दाखव."

नोंदणी शरीअतविरुद्ध आहे, असे कृपया कोणी सांगू नये. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकरामध्ये आहे, आणि उधार महर ही उधारीच आहे. महाराष्ट्रात विवाह नोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे.

आज रात्री कपाटातून आपला निकाहनामा काढा. महर दिला नसेल, तर पत्नीसमोर बसून तो कधी देणार ते सांगा. प्रत सापडत नसेल, तर उद्याच काझीसाहेबांकडे जा.