निवड, अवकाश आणि धोटा

ज्याला स्वतःच्या निवडीने जगता येते त्याने जीवनाचे एक लक्ष्य ठरवावे, न ठरवणे ही मोठीच मूढता होय, असे अ‍ॅरिस्टॉटल ‘युडेमियन एथिक्स’मध्ये म्हणतो. उपदेशाकडे सर्वांचे लक्ष जाते, अटीकडे क्वचितच. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत फिरत्या पाळीवर राबणाऱ्या एखाद्या कंत्राटी कामगाराला पुढच्या आठवड्यातील आपली झोपही ठरवता येत नसेल, तर त्याला मूढ म्हणायचे काय?

अ‍ॅरिस्टॉटलचे उत्तर निष्ठुर आहे, पण आडपडदा न ठेवणारे. सद्‌गुणाच्या जोपासनेस अवकाश लागतो. म्हणून ‘पॉलिटिक्स’मधील आदर्श नगरराज्यात तो कारागिरांना नागरिकत्वच नाकारतो. त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात मात्र एक विलक्षण कल्पना येते : धोटे आपणहून विणू लागले, तर धन्याला गुलामांची गरज उरणार नाही. मागांच्या सोलापुरात हा केवळ अलंकार म्हणून वाचता येत नाही. यंत्रमागावर धोटा आपणहून धावू लागला, पुढे बिनधोट्याचे मागही आले. विणणाऱ्याच्या वाट्याला अवकाश आला नाही. गुलामीतून आलेला एपिक्टेटस आपले निर्णय तरी आपल्या हाती आहेत असे शिकवतो. त्याच्या तोंडी हा विचार तेजस्वी वाटतो. मालकाच्या तोंडी तो सोयीचा होतो.

विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये ‘काव्यशास्त्र’ मराठीत आणले, तेव्हापासून आपण विरेचनाची चर्चा बरीच केली. परंतु शोकात्म नायकाचा प्रमादही निवडीचे सामर्थ्य गृहीत धरतो. ज्याच्यापाशी निवडच नाही, त्याचा ऱ्हास मांडणाऱ्या कथेला या काव्यशास्त्रात जागा सापडत नाही.